मोटार व सार्वजनिक वाहतूक : प्रवासवेळेची तुलना (इंदूर)

एकाच प्रवासाला मोटारीने किती वेळ लागतो आणि बसने किंवा मेट्रोने किती, हे ताडून पाहण्याची नगरनियोजनातील पद्धत. मोजणी दारापासून दारापर्यंत व्हावी लागते. बसच्या खात्यात थांब्यापर्यंतची चाल, प्रतीक्षा, प्रत्यक्ष प्रवास, गाडीबदल आणि शेवटची चाल येते. मोटारीच्या खात्यात पार्किंग शोधणे व तिथून चालत येणे येते, आणि नेमके तेच धरायचे राहून जाते. इंदूरच्या गजबजलेल्या राजवाडा भागाकडे मोटार नेणाऱ्याला ते वेगळे सांगावे लागत नाही.

बस दर १० मिनिटांनी नियमित येत असेल, तर सरासरी प्रतीक्षा ५ मिनिटे. दोन बस पाठोपाठ येऊन मग मोठा खंड पडला, की बसची संख्या तीच असूनही सरासरी वाढते. खंड जितका लांब, तितके जास्त प्रवासी त्यात सापडतात. थांब्यावरची मिनिटे चालत्या बसमधल्या मिनिटांपेक्षा जाचतात, म्हणून अभ्यासक त्यांना अधिक भार देतात.

इंदुरात मे २०१३ मध्ये आग्रा-मुंबई रस्त्यावर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस (बससाठी राखीव जलद वाहतुकीचा) मार्ग सुरू झाला. रस्त्याच्या मधोमध कठड्यांनी राखलेल्या मार्गिकेतून आय-बस धावे. पलासियाला शेजारी मोटारी तुंबल्या, तरी ती पुढे सरके. विजयनगर ते भंवरकुआँ अशा सरळ प्रवासात हा लाभ पुरता पदरी पडे. रामबाग, नारायणबाग या जुन्या मराठी वस्त्या मात्र त्या रस्त्यापासून दूर. तिथल्या माणसाने बसमध्ये वाचवलेला वेळ बसपर्यंत पोचण्यातच जाई.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी हा राखीव मार्ग हटवण्याची घोषणा केली व फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला मुभा दिली. मार्गिका सामाईक झाली, की बसच्या वाट्याला मोटारीची कोंडी येतेच, शिवाय थांब्यांवर जाणारा वेळ वेगळा. मोटारवाल्यांचा फायदाही टिकेल असे नाही. डाउन्स-थॉम्सन विरोधाभासानुसार, गर्दीच्या शहरात मोटारीचा वेग स्वतंत्र मार्गावरील सार्वजनिक वाहतुकीच्या दारापासून दारापर्यंतच्या वेगावर ठरतो. ती मंदावली, की तिचे प्रवासी मोटारीत बसतात आणि रस्ता पुन्हा भरतो.

३१ मे २०२५ रोजी सुरू झालेला मेट्रोचा पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरवर, सुमारे सहा किलोमीटरचा. तो गजबजलेल्या शहराबाहेर असल्याने रोजच्या नोकरदाराला त्याचा उपयोग थोडा. या तुलनेतली त्याहून मोठी उणीव म्हणजे दुचाकी वगळणे: कोंडीतून वाट काढणारी, दाराशी उभी राहणारी स्कूटर हीच इंदुरात बसची खरी प्रतिस्पर्धी, आणि मोटार-बस तक्त्यात तिला रकानाच नसतो.