बेसल सेल अडिनोमा

लाळग्रंथीत होणारे एक दुर्मिळ, साधे (कर्करोग नसलेले) अर्बुद (गाठ). लाळग्रंथींच्या सर्व अर्बुदांत याचे प्रमाण १ ते ३ टक्क्यांच्या आसपास असते. क्लाइनसासर आणि क्लाइन यांनी १९६७ मध्ये ते वेगळे म्हणून वर्णिले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९१ च्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले.

बहुतेक रुग्ण पन्नाशीच्या पुढचे असतात. गाठ बहुधा कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीत येते. वरच्या ओठातही ती आढळते. ती हळूहळू वाढते, बोटाखाली सरकते, दुखत नाही. गालगुंडाची सूज काही दिवसांत ओसरते, ही ओसरत नाही. गाठ दुखू लागली, झपाट्याने वाढली किंवा तोंड एका बाजूला वाकडे झाले, तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते.

सोनोग्राफीत गाठीचा आकार व कडा दिसतात. खोलवरच्या गाठीसाठी एमआरआय उपयोगी पडतो. खरी अडचण सुईच्या तपासणीत (एफएनएसी) येते. सुईतून लहान, गडद केंद्रकांच्या पेशींचे पुंजके मिळतात आणि तसेच पुंजके अडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या चिवट कर्करोगातही मिळतात. बेसल सेल अडिनोकार्सिनोमा या कर्करोगाच्या पेशी तर इतक्या सारख्या असतात, की त्या गाठीचे आवरण फोडून शेजारच्या ऊतीत शिरल्या आहेत का, एवढ्यावरच निदान ठरते. सुईने काढलेल्या चार थेंबांत ती सीमा दिसणे शक्यच नसते. म्हणून लाळग्रंथींच्या सुई-तपासणीचे अहवाल देण्याच्या २०१८ च्या मिलान पद्धतीत अशा गाठींसाठी ‘मारकता अनिश्चित’ असा वर्ग ठेवला आहे. एवढ्या अहवालावरून रुग्णाला कर्करोग झाल्याचे सांगणे अन्यायाचे आहे. ‘साधीच आहे’ म्हणून गाठ तशीच ठेवणेही तितकेच धोक्याचे.

अंतिम निदान पूर्ण गाठीच्या बायॉप्सीतूनच होते, त्यामुळे शस्त्रक्रिया हाच उपचार आणि हीच निर्णायक तपासणी. पॅरोटिडमधील गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी ग्रंथीसह काढतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते. साध्या गाठीसाठी तिचा बळी देण्याचे कारण नसते. तिच्या फांद्या शोधून, जपून वेगळ्या करण्यातच शल्यविशारदाचे कौशल्य लागते. तरीही काही रुग्णांना काही आठवडे डोळा नीट मिटता येत नाही किंवा हसताना ओठ कमी हलतो. कानाची पाळी बधिर होणे, जेवताना गालावर घाम येणे (फ्रे सिंड्रोम) हेही घडू शकते. या शक्यता शस्त्रक्रियेआधीच समजावून सांगायला हव्यात.

सूक्ष्मदर्शकाखाली घन, पट्टेदार, नलिकाकार आणि पटलयुक्त असे चार प्रकार दिसतात. पहिले तीन पूर्ण काढल्यावर क्वचितच उलटतात. पटलयुक्त प्रकार मात्र सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत पुन्हा उद्भवतो, कारण तो अनेकदा एकाच वेळी अनेक ठिकाणी असतो. क्वचित त्याचे रूपांतर कर्करोगातही होते. काही घराण्यांत सीवायएलडी जनुकातील दोषामुळे या प्रकारासोबत डोक्याच्या त्वचेवरही गाठी येतात (ब्रूक-स्पिगलर सिंड्रोम). अशा रुग्णाच्या भावंडांची व मुलांचीही विचारपूस करावी आणि रुग्णाला अनेक वर्षे नियमित तपासणीसाठी बोलवावे.