मल्टी-फ्रिक्वेन्सी म्हणजे हायब्रिड नाही: मेटल डिटेक्टरमधला एक जुना गोंधळ

मेटल डिटेक्टर बघणारा माणूस हमखास विचारतो, यात किती फ्रिक्वेन्सी आहेत? आकडा मोठा निघाला की हेच ते हायब्रिड मशीन (दोन मूळ पद्धती एकत्र करणारं) असं धरून चालतो. खरं तर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वेगळेपणा फ्रिक्वेन्सीच्या संख्येत नाहीच, तो आहे मशीन कधी ऐकतं यात. एवढा एक प्रश्न डोक्यात ठेवला ना की बाकीची जाहिरातीतली नावं आपोआप जागेवर बसतात.

आधी दोन मूळ पद्धती. व्हीएलएफ म्हणजे व्हेरी लो फ्रिक्वेन्सी मशीनमध्ये एक कॉइल (तारेचं वेटोळं) सतत चुंबकीय क्षेत्र सोडत असते आणि दुसरी त्याच वेळी ऐकत असते. दोन्ही अशा रचलेल्या असतात की जवळ धातू नसेल तर ऐकणाऱ्या कॉइलमध्ये जवळपास शून्य सिग्नल येतो, याला इंडक्शन बॅलन्स म्हणतात. धातू आला की त्यात एडी करंट, म्हणजे बदलत्या क्षेत्रानं उठलेले गोल फिरणारे प्रवाह, फिरतात आणि परत येणारा सिग्नल थोडा मागे सरकतो, तो किती सरकला (म्हणजे फेज) यावरून लोखंड की बिनलोखंडी याचा अंदाज लागतो, स्क्रीनवरचा नंबरही त्यातूनच येतो. थोडक्यात कोणी मोठ्यानं बोलत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकण्यातला प्रकार.

पल्स इंडक्शन म्हणजे पीआय उलटं करतं. कॉइलमध्ये जोराचा करंट द्यायचा, तो एकदम तोडायचा, कॉइलवर उसळणारा शेकडो व्होल्टचा झटका विरेपर्यंत थांबायचं, आणि मग शांततेत कान द्यायचा. धातूतले एडी करंट लगेच मरत नाहीत, त्यांची शेपूट मशीन मोजतं. ही शेपूट किती लांब हे टाइम कॉन्स्टंटवर, म्हणजे त्या वस्तूतले प्रवाह किती हळू विरतात यावर ठरतं. समजा पल्स तोडल्यावर १० मायक्रोसेकंदांनी ऐकायला सुरुवात केली. जाड चांदीच्या नाण्यासारखं टार्गेट, टाइम कॉन्स्टंट १०० मायक्रोसेकंद, त्याचा अजून ९० टक्के सिग्नल शिल्लक असतो. पण बारीकसा सोन्याचा कण, टाइम कॉन्स्टंट ३ मायक्रोसेकंद, त्याचा उरतो जेमतेम साडेतीन टक्के. म्हणून पीआय बनवणारे त्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांसाठी जिवाचं रान करतात.

आता मल्टी-फ्रिक्वेन्सी. इथे मशीन व्हीएलएफसारखंच क्षेत्र बदलत असतानाच ऐकतंय, फक्त एकाऐवजी दोन किंवा जास्त फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी. याची गरज कुठून आली ते समुद्रकिनारी ओल्या वाळूत कळतं. काळी, लोखंडी खनिजाची वाळू एका फेजवर सिग्नल देते आणि खारं पाणी वेगळ्याच फेजवर. एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनला ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा सिग्नल गप्प करायची सोय) एकाच गोष्टीवर लावता येतो, वाळू गप्प केली की पाणी बोंबलतं आणि पाणी गप्प केलं की वाळू, कॉइल जरा वरखाली झाली तरी बीप सुरू. पण फ्रिक्वेन्सी वाढवली की मिठाचा सिग्नल वाढत जातो, खनिजाचा मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींचं माप घेतलं की दोन समीकरणं हातात येतात आणि दोन्ही त्रास एकदम वजा करता येतात. मला तरी मल्टी-फ्रिक्वेन्सीचं सगळ्यात सुंदर काम हेच वाटतं, खोली वगैरे नंतर.

फिशर कंपनीची सीझेड मालिका ५ आणि १५ किलोहर्ट्झ अशा दोनच फ्रिक्वेन्सींवर चालायची आणि किनाऱ्यावर छान चालायची. व्हाइट्स कंपनीच्या डीएफएक्समध्ये ३ आणि १५. मिनलॅब कंपनीची सॉव्हरिन मात्र आली १.५ ते २५.५ किलोहर्ट्झ आणि १७ फ्रिक्वेन्सी सांगत, पुढे एक्सप्लोररमध्ये २८, थेट १०० किलोहर्ट्झपर्यंत. आकडे ऐकून माणूस दबतो, पण अशा मशीनच्या चौकोनी लाटेत मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या हार्मोनिक आपोआप असतातच आणि वर वर जाताना त्या कमजोर होत जातात, तेव्हा १७ आहेत म्हणजे १७ सारख्या ताकदीच्या आहेत असं अजिबात नाही. कामाचं असतं ते किती वेगळ्या फ्रिक्वेन्सी खरोखर मोजून एकमेकींशी ताडल्या जातात ते.

हायब्रिड ही मग काय भानगड आहे? पीआयची दोन दुखणी जुनी आहेत. पहिलं म्हणजे त्याला लोखंड नीट ओळखता येत नाही, कारण शांततेतल्या शेपटीत खिळा आणि सोनं सारखंच दिसू शकतं. दुसरं ग्राउंड बॅलन्सचं. खनिजी जमीनसुद्धा शेपूट सोडते, ती साधारण १/t या चालीनं उतरते (t म्हणजे पल्स तोडल्यापासूनचा वेळ), धातूची मात्र घातांकी, म्हणजे ठरावीक वेळात ठरावीक पटीनं. दोन वेगवेगळ्या क्षणांची मापं वजा करून जमीन घालवतात, पण त्या वजाबाकीत एका विशिष्ट टाइम कॉन्स्टंटची टार्गेटंसुद्धा गायब होतात, याला लोक होल म्हणतात, आणि त्या होलमध्ये नेमकी चांगली वस्तू पडली की मशीन वरून फिरतं आणि तोंडसुद्धा उघडत नाही.

हायब्रिडवाला म्हणतो, पल्स तोडल्यावर तर ऐकूच, पण करंट चालू असताना पण ऐकू. लोखंड क्षेत्राला स्वतःकडे ओढतं, ही खूण क्षेत्र चालू असतानाच मिळते, ते बंद झाल्यावर नाही. त्यामुळे काही डिझाइनमध्ये पल्सचा आकारच अर्ध्या साइन लाटेसारखा ठेवतात, करंट चढता-उतरताना व्हीएलएफसारखी माहिती घ्यायची आणि संपला की पीआयसारखी. यासाठी कॉइल मात्र इंडक्शन बॅलन्सवालीच लागते, बहुतेक डीडी (सोडणारी आणि ऐकणारी अशी दोन एकमेकांवर चढलेली वेटोळी), कारण साधी मोनो कॉइल, जिथे एकच वेटोळं सोडतं आणि ऐकतं, पल्स चालू असताना स्वतःच्याच आवाजानं बहिरी होते. काही पीआय मशीनमध्ये लोखंड नाकारायची सोय डीडी कॉइल लावली तरच चालते, त्यामागेही हेच कारण आहे.

२०१५ सालच्या मिनलॅब जीपीझेड ७००० चा वेगळा रस्ता होता. त्याच्या झीरो व्होल्टेज ट्रान्समिशनमध्ये क्षेत्र एका दिशेनं स्थिर धरतात, मग झटकन उलट दिशेला स्थिर धरतात. क्षेत्र जोरात चालू आहे पण बदलत नाहीये, तेव्हा त्याच्यामुळे कॉइलमध्ये व्होल्टेज उमटत नाही, अशा वेळी ऐकायचं, म्हणून नावात झीरो व्होल्टेज. हे धड पीआय नाही आणि धड व्हीएलएफ पण नाही, आणि त्याची सुपर-डी कॉइल बघितली तर मधे एक ट्रान्समिट वाइंडिंग, दोन्ही बाजूंना रिसीव्ह, म्हणजे पुन्हा बॅलन्स आलाच.

टेबलावर एक पातळ सोन्याची अंगठी आणि कॅनची अॅल्युमिनियमची रिंग ठेवून बघा. एका फ्रिक्वेन्सीवर दोघींचा नंबर सारखा येऊ शकतो, मल्टी-फ्रिक्वेन्सीवरही येऊ शकतो, आणि हायब्रिडवरही येऊ शकतो, कारण दोघींचा टाइम कॉन्स्टंटच सारखा असू शकतो, तिथे कुठलंही तंत्र चमत्कार करत नाही. बाटलीचं पत्र्याचं बूच मात्र फरक दाखवतं. उंच फ्रिक्वेन्सीला पत्र्यात एडी करंट जोरात फिरतात आणि ते चांगल्या धातूची बतावणी करतं, खालच्या फ्रिक्वेन्सीला लोखंडपण बाहेर येतं, त्यामुळे दोन्ही ताडणारं मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन इथे उपयोगी. आणि खूप खनिजी जमिनीत खोलवरचं सोनं शोधायचं असेल तर व्हीएलएफ, मग त्यात कितीही फ्रिक्वेन्सी असोत, जमिनीच्या गोंगाटात दबतं, तिथे पीआय किंवा हायब्रिडच.

कोणी सांगत असेल की हायब्रिड आलं म्हणजे खोली दुप्पट, तर हे गणित लक्षात ठेवा. कॉइलच्या आकारापेक्षा खोल गेल्यावर क्षेत्र अंतराच्या घनानं कमी होतं, परत येतानाही तसंच, म्हणजे लहान वस्तूचा सिग्नल अंतराच्या सहाव्या घातानं पडतो. दुप्पट खोलीला ६४ पट सिग्नल हवा. इतकी सुधारणा नुसती ताकद वाढवून होत नाही, म्हणूनच हुशार डिझाइनर ताकदीपेक्षा गोंगाट कमी करण्यामागे लागलेले दिसतात.

माहितीपत्रक हातात आलं की फ्रिक्वेन्सीचा रकाना सोडून आधी कॉइलचा रकाना वाचा. मोनो कॉइल जशीच्या तशी चालते असं लिहिलं असेल तर ते जवळपास नक्की साधं पीआय आहे, बाकी नाव काहीही असो. आणि एकाच पेटीत बटण दाबून कधी व्हीएलएफ, कधी पीआय असं चालत असेल तर ती दोन मशीनं शेजारी ठेवल्यासारखी आहेत, एकाच पल्सच्या चक्रात दोन्ही कानांनी ऐकणारं हायब्रिड ते नाही.