संगणकाचा मंद आरंभ

संगणकाचा मंद आरंभ : कळ दाबल्यापासून संगणक कामास योग्य होईपर्यंतचा काळ अवाजवी लांबणे. येथे मुख्यतः विंडोज प्रणालीवर चालणारे व फिरती हार्ड डिस्क असलेले जुने संगणक विचारात घेतले आहेत.

आरंभक्रियेला रूढ असलेला ‘बूट’ हा शब्द ‘बूटस्ट्रॅप’ याचे संक्षिप्त रूप होय. बूट पायात ओढून चढवण्यासाठी शिवलेली ही पट्टी धरून स्वतःलाच वर उचलणे, ही अशक्यप्राय गोष्टीची उपमा. तिचे मूळ बॅरन म्युंशहाउझेन या थापाड्या जर्मन कथानायकाच्या अद्‌भुत कथांत असल्याचे अनेकदा सांगितले जाते. परंतु 1786 च्या जर्मन पाठात तो स्वतःला व घोड्याला दलदलीतून वर काढतो ते आपल्या केसांची वेणी धरून. बुटाच्या पट्टीची उपमा अमेरिकी वृत्तपत्रांत 1834 च्या सुमारास आढळते, त्यामुळे तिचे मूळ अमेरिकी असणे अधिक संभवनीय वाटते. संगणकक्षेत्रात ती 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात रुळली असावी. आयबीएम 701 (1952) या यंत्रात ‘लोड’ कळ दाबताच 36 बिटांचा पहिला शब्द (ठरावीक लांबीचा माहितीखंड) स्मृतीत वाचला जाई आणि त्यातील सूचनाच पुढचे शब्द वाचून घेई. आजच्या आरंभक्रियेचे तत्त्वही हेच आहे.

निदान करताना विलंब कोणत्या टप्प्यावर होतो, हे आधी घड्याळ लावून पाहावे. विंडोजचे चिन्ह उमटण्यापूर्वीच पडदा थबकत असेल, तर दोष बायोसच्या (यंत्र सुरू होताच प्रथम चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमच्या) तपासणीत, जोडून ठेवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये, निकामी होऊ लागलेल्या डिस्कमध्ये किंवा मदरबोर्डवरील (मुख्य पटलावरील) घड्याळ चालू ठेवणाऱ्या सीआर 2032 सेलमध्ये शोधावा. सेल संपला की तारीख मागे जाते व पुष्कळ यंत्रे एफ 1 दाबण्याची वाट पाहत थांबतात. डेस्कटॉप दिसूनही काही मिनिटे माउसचे वर्तुळ फिरत राहत असेल, तर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम आणि डिस्क ही कारणे संभवतात.

प्रोसेसर जुना झाला, असे निदान सर्रास केले जाते. प्रत्यक्षात प्रोसेसर बहुतेक वेळ डिस्कची वाट पाहत असतो. मिनिटाला 5,400 फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी 11.1 मिलिसेकंदांची असते, म्हणजे हवी ती जागा शीर्षाखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यास सरासरी 5.6 मिलिसेकंद लागतात. शीर्ष सरकण्याचे सुमारे 12 मिलिसेकंद त्यात मिळवले, तर विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला जेमतेम 57 वाचने होतात. प्रत्येक वाचन 4 किलोबाइटचे धरल्यास हा वेग सेकंदाला पाव मेगाबाइटही भरत नाही. मग तीच डिस्क सलग वाचनात 80 मेगाबाइट का देईना. वाचनांचा क्रम बदलण्याच्या सोयीने हा आकडा काहीसा सुधारतो. आरंभकाळी हजारो लहान फायली विखुरलेल्या जागांवरून वाचाव्या लागतात, त्यामुळे एकाच वेळी उठणारे चार-पाच प्रोग्रॅम यंत्राला जखडून टाकतात.

विंडोज एक्सपीच्या यंत्रांत एक वेगळा दोष आढळतो. आयडीई या जुन्या जोडणीच्या डिस्कच्या देवघेवीत कालमर्यादा उलटल्याच्या किंवा सीआरसीच्या (माहिती बिघडली का हे पाहणाऱ्या तपासणीच्या) एकूण सहा चुका नोंदल्या गेल्या की प्रणाली त्या डिस्कचा वेग पायरीपायरीने उतरवते. चुका होतच राहिल्यास डीएमए (माहिती थेट स्मृतीत पोहोचवण्याची) पद्धत सोडून पीआयओ वापरली जाते, तीत प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावा लागतो. केबल बदलूनही वेग परत येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून त्या डिस्कची आयडीई वाहिनी (चॅनेल) काढून यंत्र पुन्हा सुरू करावे लागते.

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. डिस्कच्या स्मार्ट नोंदींत (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेल्या नोंदींत) पुनर्नियोजित (खराब ठरून बदललेले) किंवा प्रलंबित (संशयित) सेक्टर, म्हणजे डिस्कवरील लहान भाग, वाढत असतील, तर इतर काहीही करण्यापूर्वी फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर डीफ्रॅगमेंट (फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावण्याची क्रिया) चालवणे घातक ठरू शकते. ‘फॉरमॅट मारून घ्या’ हा दुकानांतला नेहमीचा सल्ला डिस्कचा यांत्रिक दोष घालवत नाही. उलट प्रत न घेता तो पाळला गेल्यास घरची छायाचित्रे व हिशेब कायमचे जाण्याचा धोका असतो. डिस्क निरोगी असल्यास टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात (विंडोज 7 पर्यंत एमएसकॉन्फिगमध्ये) अनावश्यक प्रोग्रॅम एकेक करून बंद करावेत व दर वेळी काळ मोजावा. विंडोज 8 (2012) पासून जलद आरंभाची सोय चालू असल्यास ‘शट डाउन’ने प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवला जातो व पुढच्या आरंभी तोच उचलला जातो, म्हणून पूर्ण आरंभाचा काळ ‘रीस्टार्ट’ करूनच मोजावा.

सर्वांत परिणामकारक बदल एसएसडीचा, म्हणजे फिरती चकती नसलेल्या साठवणीचा होय. साटा 2 या जुन्या डिस्क-जोडणीची सेकंदाला 3 गिगाबिटांची मर्यादाही आड येत नाही, कारण शीर्ष सरकणे व चकती फिरणे यांतला विलंबच नाहीसा होतो. रॅम वाढवल्याचा लाभ मात्र ती अपुरी पडत असेल तरच दिसतो. सिस्टमडी हा सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम असलेल्या लिनक्स प्रणालींत ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम’ ही आज्ञा प्रत्येक सेवेला लागलेला वेळ उतरत्या क्रमाने दाखवते.