बिगफूटच्या शोधात अस्वल कुठे हरवलं?

बिगफूट म्हणजे उत्तर अमेरिकेच्या जंगलात राहतं असं सांगितलं जाणारं, माणसासारखं दोन पायांवर चालणारं भलंमोठं केसाळ जनावर. मला त्याचे कार्यक्रम मनापासून आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. रात्री जेवणं झाली की युट्यूबवर 'फाइंडिंग बिगफूट'च्या क्लिप लावायच्या, नाइट व्हिजनमध्ये भुतासारखी दिसणारी झाडं, चार माणसं काळोखात उभी, त्यातला एकजण तोंडाशी हात धरून लांबलचक हाळी देतो, मग सगळे चिडीचूप, आणि दूर कुठूनतरी प्रत्युत्तर येतं. खरंच काटा येतो अंगावर. टीममधली जीवशास्त्रज्ञ रॅने हॉलंड म्हणते दुसरं काहीतरी असेल, बाकीचे तिघं म्हणतात नाही, हा तोच, आणि लगेच ब्रेक. परत आल्यावर वेगळी रात्र, वेगळा आवाज. मघाचा आवाज कोणाचा होता हे राहूनच जातं आणि मला तर तेच ऐकायचं असतं!

कारण उत्तर अमेरिकेच्या जंगलात रात्री ओरडणाऱ्यांची अजिबात कमी नाहीये. बार्ड आउल नावाचं घुबड आहे, त्याची जोडी एकमेकांशी बोलायला लागली की झाडावर माकडांची भांडणं लागलीत असं वाटतं. एल्क आहे, आपल्या सांबराच्या कुळातला पण बराच मोठा, त्याचा नर सप्टेंबर-ऑक्टोबरात माजावर आला की खालच्या सुरात सुरू करतो आणि चढत चढत शिट्टीसारखी किंकाळी फोडतो, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते हरणाच्या जातीतलं जनावर आहे हे पटतच नाही. कोल्ह्याची मादी बाई किंचाळल्यासारखी ओरडते. आणि कोयोटी तर दोन-तीनच असले तरी प्रत्येकजण सूर इतक्या झपाट्याने बदलतो की ऐकणाऱ्याला दहा-बाराची टोळी वाटते. म्हणजे ज्या जंगलात ही मंडळी उभी आहेत तिथे खरंच अद्भुत गोष्टी चालू असतात, फक्त त्या बिगफूट नसल्यामुळे त्यांना नाव मिळत नाही.

आता कार्यक्रमाची रचना बघा. ॲनिमल प्लॅनेटवर २०११ ते २०१८ तो चालला, शंभरच्या आसपास भाग, आणि जनावर एकदाही सापडलं नाही. प्रत्येक भागात साधारण तेच, एखाद्या गावात सभा भरवायची, ज्यांनी ज्यांनी काही पाहिलंय त्यांनी सगळ्यांसमोर सांगायचं, मग त्यातल्या एका-दोघांना घेऊन त्या जागेवर जायचं आणि टीममधल्या उंचपुऱ्या बोबो फे याला तिथे उभं करून विचारायचं, एवढाच होता की अजून मोठा? टीव्हीसाठी हे झकास आहे, पण आठवणीचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही विचारा, साक्षीदाराची आठवण बिघडवायचा याहून सोपा रस्ता नाही. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नात गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' अशा अर्थाचा जोरकस शब्द होता तेव्हा सरासरी उत्तर आलं ताशी ४१ मैलांच्या आसपास, नुसता 'स्पर्श झाला' असा शब्द होता तेव्हा ३२. फिल्म त्याच, बदलला फक्त एक शब्द. मग इथे तर शेजारच्याची गोष्ट आधी ऐकलेली, कॅमेरा तोंडावर, समोर भलामोठा माणूस उभा, आणि त्याच्याशी तुलना करून उंची सांगायची. तो साक्षीदार खोटं बोलत नसतो, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं, त्याने पाहिलेलं असतं काहीतरी, पण त्या संध्याकाळनंतर त्याला मूळचं काय दिसलं होतं ते त्यालाही परत मिळत नाही.

बिगफूट आणि कॅमेरा यांचं नातं तसं जुनंच आहे म्हणा. हे नाव १९५८ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका वर्तमानपत्रातून गाजलं, ब्लफ क्रीकला रस्त्याच्या कामावरच्या जेरी क्रू या बुलडोझर चालवणाऱ्याला सोळा इंची पावलं दिसली होती, आणि २००२ साली त्या कामाचा कंत्राटदार रे वॉलेस वारला तेव्हा घरच्यांनी लाकडात कोरलेली पावलं काढून दाखवली. त्याच ब्लफ क्रीकला २० ऑक्टोबर १९६७ ला रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी ती जगप्रसिद्ध, मिनिटभराचीही नसलेली फिल्म काढली, चालता चालता मागे वळून बघणारी केसाळ आकृती. पॅटरसन तिथे बिगफूटवरच माहितीपट करायला गेला होता हे फार कमी लोकांना माहीत असतं. ती फिल्म खरी का खोटी यावर आजही भांडणं होतात, पण माझ्या मते मुद्दा वेगळा आहे, फिल्मबरोबर हाड नाही, कातडी नाही, मग भांडण कितीही वर्षं चालू शकतं.

या वाहिन्यांचं खरं रूप उघडं पडलं ते २०१२ मध्ये, आणि बिगफूटवर नाही, जलपरीवर. ॲनिमल प्लॅनेटनेच 'मरमेड्स: द बॉडी फाउंड' दाखवला, त्यात शास्त्रज्ञ म्हणून बोलणारे लोक नट होते आणि सगळी मांडणी मात्र माहितीपटाची. अमेरिकेच्या सरकारी सागर-हवामान संस्थेला जाहीर करावं लागलं की जलपऱ्यांचा कसलाही पुरावा कधी सापडलेला नाही. पुढच्या वर्षी डिस्कव्हरीने मेगॅलोडॉन या लाखो वर्षांपूर्वी संपलेल्या शार्कबद्दल तेच केलं, पुन्हा नट, पुन्हा शास्त्रज्ञाचा वेश. याचा मला मनापासून राग आहे. गोष्ट रचली म्हणून नाही, गोष्टी आपल्याला हव्यातच, राग याचा की समुद्रावर आयुष्य घालवणाऱ्या खऱ्या माणसांचा विश्वास उसना घेतला आणि परत केलाच नाही.

आणि म्हणूनच २०२५ मध्ये एआयने बनवलेले ते बिगफूटचे व्लॉग आले ना, हातात सेल्फी स्टिक घेऊन जंगलातून गप्पा मारणारा बिगफूट, ते मला उलट प्रामाणिक वाटतात. बघणाऱ्याला पहिल्या सेकंदाला कळतं की हा खेळ आहे. अडचण तिथे येते जिथे तेच तंत्र हलणाऱ्या, अंधुक, 'माझ्या मोबाइलवर टिपलं' टाइपच्या व्हिडिओला लावलं जातं. आपल्याकडे पुणे-जुन्नरच्या बाजूला हे बिबट्याच्या बाबतीत बघतोय आपण, एआयने केलेला बिबट्या खरा म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतो आणि वनखात्याच्या ज्या माणसांनी खऱ्या बिबट्यामागे असायला हवं ती खुलासे करत बसतात. उसात बिबट्या खरोखर असतो, माणसांचे जीव खरोखर जातात, तिथे असला व्हिडिओ टाकणं मला माफ करण्यासारखं वाटत नाही.

बरं, जनावर खरंच शोधायचं असेल तर कसं शोधतात? आपलंच उदाहरण घ्या. २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले, साधारण साडेतीन कोटी फोटो आले आणि त्यातले ७६,६५१ फोटो वाघांचे होते. कॅमेरा ट्रॅपला घाबरायला होत नाही, त्याचा हात थरथरत नाही. अमेरिकेतही शिकारी लोक जंगलात असे कॅमेरे बांधून ठेवतात आणि २००७ साली पेनसिल्व्हेनियात अशाच एकात एक विचित्र हडकुळा, केस झडल्यासारखा प्राणी आला, बिगफूटचं पिल्लू म्हणून फोटो जगभर गेला. तिथल्या वन्यजीव खात्याने सांगितलं, हे खरूज झालेलं अस्वल आहे. न्यू जर्सीत तर पुढचे पाय जखमी असलेलं एक काळं अस्वल रस्त्यावरून, लोकांच्या अंगणातून चक्क दोन पायांवर माणसासारखं चालायचं, लोकांनी त्याला पेडल्स नाव दिलं. त्याचे २०१४ नंतरचे व्हिडिओ जरूर बघा, दिवसाउजेडी काढलेत म्हणून अस्वल आहे हे कळतं, संध्याकाळी धुक्यात दिसलं असतं तर मीसुद्धा शपथेवर बिगफूट म्हटलं असतं. २०२४ मध्ये फ्लो फॉक्सन यांनी आकडेवारी मांडली, लोकसंख्या आणि जंगल हे हिशोबात धरूनही ज्या भागात काळी अस्वलं जास्त तिथे बिगफूट दिसल्याच्या नोंदी जास्त, दर हजार अस्वलांमागे साधारण ४ टक्क्यांनी.

टीव्हीनेच हे कधी नीट केलं नाही असं मात्र नाहीये. २०१४ च्या 'टेन मिलियन डॉलर बिगफूट बाउंटी'त टॉड डिसोटेल हे खरे जनुकशास्त्रज्ञ होते, स्पर्धकांनी आणलेले नमुने तपासले जायचे, एक कोटी डॉलर कोणालाच मिळाले नाहीत. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी यती-बिगफूटचे म्हणून जगभरातून आलेले केस तपासले, ३० नमुन्यांचा डीएनए वाचता आला आणि निघाले अस्वल, घोडा, गाय, साळिंदर, कुत्रा, एक तर माणूस.

पण मला सगळ्यात आवडते ती शार्लट लिंडक्विस्ट यांची गोष्ट. यतीवर कार्यक्रम करणाऱ्या आयकॉन फिल्म्स या कंपनीने जमवलेले नमुने अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या या बाईंकडे गेले, केस, हाड, कातडी, असं काय काय. २०१७ मध्ये निकाल छापून आला, यतीचे म्हणवले जाणारे नऊ नमुने, आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा. त्या तिथे थांबल्या नाहीत. तुलनेसाठी खऱ्या अस्वलांचेही नमुने घेतले होते, त्यातून हिमालयातल्या तपकिरी अस्वलाचा मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतला, फक्त आईकडून येणारा) पूर्ण डीएनए जुळवला आणि कळलं की ही शाखा बाकीच्या तपकिरी अस्वलांपासून साधारण साडेसहा लाख वर्षांपूर्वीच वेगळी झालीये. हे आधी कोणाला इतकं नीट माहीत नव्हतं. हे अस्वल अतिशय धोक्यात आहे, थोडीच उरलीत, लडाखमधल्या द्रास आणि झंस्करच्या बाजूला अजून दिसतात, आणि लांबचा वास घ्यायचा असला की मागच्या दोन पायांवर सरळ उभी राहतात.