गर्व, लीनता आणि दोघांचा जुना लपंडाव

खून, चोरी, व्यभिचार ही पापं आहेत, हे कुणालाही पटतं. ख्रिस्ती परंपरेने मात्र या सगळ्यांच्या मुळाशी गर्व नेऊन बसवला आणि त्यावरचा उतारा म्हणून लीनता सांगितली. ही मांडणी पक्की व्हायला काही शतकं लागली, आणि पक्की झाल्यावरही ती वादातून सुटली नाही.

ज्या ग्रीक-रोमन जगात पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, तिथे लीनतेला सद्गुणांच्या पंगतीत पान नव्हतं. ॲरिस्टॉटलचा आदर्श पुरुष मोठ्या मनाचा असतो. आपली योग्यता तो ओळखतो आणि तेवढा मान हक्काने घेतो. योग्यतेपेक्षा कमी मागणारा त्याच्या लेखी चुकतच असतो. उन्मत्तपणाची भीती ग्रीकांनाही होती, त्यांची शोकनाट्यं तिच्यावरच उभी आहेत. पण त्यावरचा त्यांचा इलाज आपली पायरी ओळखून राहण्याचा होता. आपणहून चार पायऱ्या खाली उतरावं, असं तिथे कुणी सांगत नव्हतं.

यहुदी शास्त्राचा सूर आधीपासून वेगळा होता. बायबलातल्या गणनाच्या पुस्तकात मोशेला पृथ्वीवरचा सर्वांत नम्र मनुष्य म्हटलंय. नाशाच्या आधी गर्व येतो, असं नीतिसूत्रं बजावतात. यशयाच्या चौदाव्या अध्यायात, ताऱ्यांच्याही वर आपलं आसन मांडू पाहणाऱ्या बाबेलच्या राजाची खिल्ली आहे. पुढे ख्रिस्ती आचार्यांनी हाच उतारा सैतानाच्या पतनाचा म्हणून वाचला. त्यामुळे गर्व हे नुसतं माणसाचं पाप राहिलं नाही, ते सैतानाचंही पहिलं पाप ठरलं. त्याच्या वजनाचं एक मोठं कारण हे.

ख्रिस्ती शिकवणीतली खरी नवी गोष्ट प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. देवाच्या स्वरूपाचा असून ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं आणि वधस्तंभावरचं मरणही पत्करलं. ही ओवी पौलाच्याही आधीच्या एखाद्या स्तोत्रातली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. वधस्तंभ ही रोमन राज्यात प्रामुख्याने गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा, हे लक्षात घेतलं की त्या ओळींची धार कळते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. ते काम दासाचं, म्हणूनच शिष्य पेत्र आधी पाय पुढे करायला तयार होत नाही. दोन्ही ठिकाणी वर असलेला आपणहून खाली येतोय. खाली असलेल्याला ‘तू खालीच रहा’ असं कुणी सांगत नाहीये. पुढच्या इतिहासात हा फरक कितीदा तरी विसरला गेला.

बाहेरच्यांना हे सारं हास्यास्पद वाटे. दुसऱ्या शतकातला टीकाकार सेल्सस म्हणे की ख्रिस्ती लोकांची लीनता म्हणजे प्लेटोचं नीट न समजलेलं बोलणं. हे लोक गुडघे टेकून, चिंध्या पांघरून, अंगावर धूळ घेत लोळतात. त्याला सविस्तर उत्तर दिलं ख्रिस्ती विद्वान ओरिजेनने, सुमारे सत्तर वर्षांनी.

गर्वाला सिद्धांतात मध्यवर्ती जागा मिळवून दिली उत्तर आफ्रिकेतल्या बिशप ऑगस्टीनने. 410 मध्ये गॉथ या जर्मानिक टोळ्यांनी रोम लुटलं आणि नव्या धर्मामुळेच हे झालं अशी ओरड सुरू झाली. त्याला उत्तर म्हणून 413 ते 426 या काळात त्याने ‘देवाचं नगर’ हा ग्रंथ लिहिला. शरणागतांना अभय द्यावं आणि गर्विष्ठांना जमीनदोस्त करावं, ही रोमची कामगिरी रोमन कवी व्हर्जिलने गायली होती. ऑगस्टीन आरंभीच ती ओळ घेतो आणि तिच्याशेजारी शास्त्रातलं वचन ठेवतो: देव गर्विष्ठांना विरोध करतो, लीनांवर कृपा करतो. म्हणजे देवाचं काम रोमने स्वतःच्या नावावर लावून घेतलं होतं. आदाम-हव्वेबद्दलही तो हेच म्हणतो. फळ तोडण्याआधीच ती दोघं आतून गर्वाने फुगली होती; उघड पाप नंतर घडलं. याच सुमारास एका अभ्यासू तरुणाला लिहिलेल्या पत्रात त्याने सत्याकडे जाणारी वाट सांगितली: पहिली लीनता, दुसरी लीनता, तिसरीही लीनता.

एव्हाना मिसरच्या वाळवंटातल्या संन्याशांना एक अडचण कळून चुकली होती. लीनता साधायला लागलं की गर्वाला नवं खाद्य मिळतं. त्यांच्यातल्याच, चौथ्या शतकातल्या एवाग्रियसने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली, त्यात पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व हे दोघे शेवटी येतात. खादाडपणा, कामवासना, राग हे हरले की त्या विजयाच्याच खांद्यावर बसून हे येतात. त्यांच्यात राहून आलेल्या जॉन कॅशियनने वडीलधाऱ्या संन्याशांची एक उपमा नोंदवून ठेवली आहे: ही कीर्तीची हाव कांद्यासारखी, एक पापुद्रा सोलला की खाली दुसरा तयार. उंची वस्त्रांचा मोह सोडला तर फाटक्या वस्त्रांचा अभिमान चढतो.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोर ग्रेगरीने यादी सातांची केली आणि गर्वाला तिच्या बाहेर काढलं. सातही दोषांची राणी म्हणून. कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कने, म्हणजे तिथल्या चर्चच्या प्रमुखाने, ‘विश्वव्यापी’ ही पदवी लावली तेव्हा त्याने कडाडून हरकत घेतली, आणि स्वतःला तो ‘देवाच्या दासांचा दास’ म्हणवत असे. ती उपाधी पोप आजही वापरतात. सर्वांत वरच्या खुर्चीची सर्वांत खालची पदवी. कॅशियनच्या म्हाताऱ्यांनी इथे काय म्हटलं असतं कोण जाणे.

मठांमध्ये लीनतेची शिस्त बसवली सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टने. त्याच्या नियमावलीच्या सातव्या अध्यायात लीनतेच्या बारा पायऱ्या आहेत. बाराव्या शतकात क्लेअरव्हॉच्या मठाधिपती बर्नार्डला त्यांवर लिहायला सांगितलं गेलं, तर त्याने शिडी उलटी धरून गर्वाच्या बारा पायऱ्या लिहिल्या. मला जे येतं तेच शिकवू शकतो, अशी मल्लिनाथीही शेवटी केली. त्यातला पाचव्या पायरीवरचा साधू वाचावाच. जेवताना त्याची नजर साऱ्या मेजांवर फिरते. आपल्यापेक्षा कमी खाणारा दिसला की हरल्यासारखा कष्टी होतो. रात्री बिछान्यात जागा राहतो आणि सामुदायिक उपासनेत डुलक्या घेतो. तो चांगला असण्यापेक्षा दिसण्याच्या मागे आहे. मानसशास्त्र हा शब्दही नव्हता तेव्हाचं हे निरीक्षण आहे.

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक ल्यूथर स्वतः मठातून आलेला, त्यामुळे त्याचा घाव नेमका बसला. लीनता कमवायची आणि देवापुढे मांडायची, हा व्यवहारच त्याने मोडीत काढला. मरियेच्या स्तोत्रावरच्या 1521 च्या विवेचनात तो म्हणतो की खऱ्या लीनतेला आपण लीन आहोत हे ठाऊकच नसतं. म्हणजे ती सरावाने साधायची सोयच उरली नाही. बेनेडिक्टच्या शिडीचं मग काय करायचं, याचं सरळ उत्तर ल्यूथरकडे नाही असं मला वाटतं.

पुढे तत्त्वज्ञ ह्यूमने लीनतेला ‘मठातल्या सद्गुणां’त टाकून निरुपयोगी ठरवलं. जर्मन तत्त्वज्ञ नित्शेने 1887 मध्ये तिला दुबळ्यांचा सूड म्हटलं. हे हल्ले गाजले, पण जास्त बोचणारा प्रश्न ख्रिस्ती लोकांच्या वागणुकीतूनच उभा राहिला. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांना ‘दासांनो, धन्यांच्या आज्ञेत रहा’ हे वचन पढवलं जाई, त्यांच्यासाठी धर्मशिक्षणाच्या वेगळ्या प्रश्नोत्तऱ्या छापल्या जात. खाली येणाऱ्याची लीनता इथे खाली दाबलेल्यांच्या गळ्यात बांधली गेली.

विसाव्या शतकात अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ रीनहोल्ड नीबुरने गर्वाचे प्रकार पाडले: सत्तेचा, ज्ञानाचा, सद्गुणाचा. सर्वांत घातक तो धार्मिक गर्व, हेही सांगितलं. 1960 मध्ये धर्मशास्त्राच्या अभ्यासक व्हॅलरी सेव्हिंगने एका लेखात त्याला अडवलं. हे पाप पुरुषांच्या अनुभवातून ओळखलेलं आहे, असं तिचं म्हणणं. सतत दुसऱ्यांसाठी झिजताना स्वतःचं असं काही उरतच नाही, तो दोष स्त्रियांच्या वाट्याला जास्त येतो, आणि अशा बाईला लीनतेचं प्रवचन दिलं तर दुखणं बळावतं.

या आक्षेपाचं बीज परंपरेत होतं. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने ॲरिस्टॉटलचं मोठं मन आणि ख्रिस्ती लीनता दोन्ही सद्गुणांत ठेवली होती, आणि आपल्या कुवतीपेक्षा कमी करणं, मनाचं खुजेपण, याला पापात गणलं होतं. दाखला दिला होता मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दासाचा: धन्याने व्यापाराला दिलेलं द्रव्य भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवणाऱ्याचा. व्यासपीठावरून मात्र गर्वाचं प्रकरण जितकं वाचलं गेलं, तितकं हे वाचलं गेलं नाही.