गुळाने जंत होत नाहीत हो

आमच्या रावेरकडे पोराने गुळाचा खडा उचलला की आजी ओरडणारच, "गूय नको खाऊ, पोटमा जंत व्हतीन!" पण गोडाने जंत तयार होत नसतात ना राव. गोल जंताची एक मादी दिवसाला 2 लाखांपर्यंत अंडी घालते, ती शौचातून मातीत पडतात, तिथे 2-3 आठवडे मुरतात आणि मग न धुतलेल्या काकडीवरून नाहीतर काळ्या मातीने भरलेल्या नखांतून तोंडात जातात. आकडेकृमी (हुकवर्म) या दुसऱ्या जंताची अळी तर उघड्यावर शौच झालेल्या ओल्या मातीतून अनवाणी तळपायाच्या कातडीतून थेट शिरते, आतड्यात रक्त पिते, म्हणून पोरं फिकट पडतात. शाळेत जंतांवरच्या अल्बेंडाझोल औषधाची 400 मिलिग्रॅमची गोळी मिळते ती चावून खायला सांगा, अन् केळीच्या बागेत जाताना चपला. गुळाने दात किडतात, ते वेगळं.