कोरियन युद्धनिर्वासित आणि कुमार कादंबरी

दुसऱ्या महायुद्धाची अखेर (१९४५) आणि कोरियन युद्ध (१९५०–५३) या काळात घर सोडून दक्षिणेकडे निघालेल्या मुलामुलींच्या अनुभवांवर बेतलेल्या, कुमारवयीन वाचकांसाठीच्या कादंबऱ्या. यांतील अनेक इंग्रजीत, अमेरिकेत स्थायिक झालेल्या कोरियन कुटुंबांतील लेखिकांनी लिहिल्या. कोरियन भाषेत युद्धापासून बचावासाठी आसरा शोधणाऱ्यास ‘पिनानमिन’, तर मूळ गाव कायमचे दुरावलेल्यास ‘सिल्ह्यांगमिन’ म्हणतात. मराठीतील ‘निर्वासित’ या शब्दात हा भेद बुजतो. या कादंबऱ्यांचे कथानक मात्र बहुधा पहिल्या अवस्थेकडून दुसरीकडे सरकते.

उगम : या लेखनाचा आरंभ कोठे धरावा, याविषयी मतभेद संभवतात. केवळ कालक्रम पाहिला, तर योको कावाशिमा वॉटकिन्स यांचे ‘सो फार फ्रॉम द बॅम्बू ग्रोव्ह’ (१९८६) आधी येते. कोरियाच्या ईशान्य भागातील नानाम येथून १९४५ मध्ये आई व बहिणीसह पळालेल्या अकरा वर्षांच्या मुलीची ही हकिगत. परंतु मुलगी जपानी असून तिचे वडील जपानी सरकारच्या सेवेत आहेत. हे पुस्तक अमेरिकेतील शाळांत वाचनासाठी लावलेले असे. २००६ च्या सुमारास मॅसॅचूसेट्समधील कोरियन वंशाच्या पालकांनी त्यास हरकत घेतली. काही आक्षेप तपशिलाचे होते : इतक्या उत्तरेला बांबूचे बन असेल काय, तेथे त्या वेळी अमेरिकी बाँबफेक झाली काय, इत्यादी. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. १९१० पासूनच्या जपानी राजवटीची पार्श्वभूमी न देता केवळ तिची अखेर दाखवल्याने, ज्यास हा इतिहास ठाऊक नाही अशा मुलाच्या मनात पीडक आणि पीडित यांच्या जागा उलटतात. बांबूवर बरीच शाई खर्ची पडली असली, तरी निर्णायक मुद्दा हाच दिसतो. त्या मुलीचे हाल त्यामुळे खोटे ठरत नाहीत. तथापि वसाहत सोडून मायदेशी परतणारी मुलगी आणि मायदेशातच बेघर झालेली मुलगी यांना एका वर्गात घालणे युक्त वाटत नाही. रिचर्ड किम यांचे ‘लॉस्ट नेम्स’ (१९७०) त्याहूनही आधीचे. पण ते मुळात प्रौढांसाठी लिहिलेले असून १९४५ मध्येच थांबते. म्हणून येथे सूक न्युल चोई यांची ‘इयर ऑफ इम्पॉसिबल गुडबाइज’ (१९९१) ही कादंबरी आरंभबिंदू मानली आहे.

चोई यांचा जन्म प्याँगयांगचा, आणि त्यांचे हे लेखन बव्हंशी आत्मचरित्रात्मक समजले जाते. सूकान या मुलीची आई जपानी लष्करासाठी मोजे बनविण्याचा कारखाना चालवते. आजोबांचे लाडके पाइनचे झाड जपानी अधिकारी तोडवतो आणि आजोबा खचतात. जपानी जातात, सोव्हिएट सैन्य येते. जपानी सैन्याची शरणागती कोणी कोठे स्वीकारावी, एवढ्यासाठी ऑगस्ट १९४५ मध्ये मुक्रर झालेली ३८° अक्षांशाची रेषा कादंबरीत काटेरी तारेच्या रूपाने समोर येते : वाटाड्या दगा देतो, आई अडकते, आणि सूकान धाकट्या भावासह त्या तारेखालून सरपटत दक्षिणेत शिरते. ‘एकोज ऑफ द व्हाइट जिराफ’ (१९९३) या उत्तरभागात दक्षिण किनाऱ्यावरील पुसान शहराच्या डोंगरावरील निर्वासितांची वस्ती आहे. तेथे एक कवी रोज सकाळी माथ्यावरून ओरडून सर्वांचे कुशल चिंततो.

युद्धकालीन पलायन : २८ जून १९५० रोजी सेऊलमधील हान नदीवरील पूल उत्तरेचे सैन्य रोखण्यासाठी दक्षिण कोरियाच्या सैन्यानेच उडवला. त्याच वर्षी डिसेंबरात उत्तर कोरियातील हुंगनाम बंदरातून सुमारे एक लाख नागरिक जहाजांनी हलविण्यात आले. त्यांपैकी सुमारे १४,००० एकट्या ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ या मालवाहू जहाजावर होते. चिनी व उत्तर कोरियन सैन्यापुढे ४ जानेवारी १९५१ रोजी सेऊल सोडून झालेल्या माघारीस कोरियन लोक तारखेवरूनच ओळखतात. जूली ली यांच्या ‘ब्रदर्स कीपर’ (२०२०) मध्ये बारा वर्षांची सोरा धाकट्या भावाला घेऊन उत्तरेतून पुसानकडे जाते. लेखिकेने त्यासाठी आपल्या आईच्या आठवणींचा आधार घेतला आहे. जहाजापेक्षा पायी प्रवास कादंबरीला अधिक मानवतो, कारण त्यात प्रत्येक नदी कशी ओलांडायची हे मुलांनाच ठरवावे लागते.

कोरियन भाषेतील लेखन : क्वान जाँगसेंग यांची ‘मोंगशिल अन्नी’ (‘मोंगशिल ताई’, १९८४) काटेकोर अर्थाने निर्वासितकथा नाही. सावत्र बापाने ढकलल्यामुळे लंगडी झालेली मोंगशिल तान्ह्या सावत्र बहिणीला पाठीशी बांधून युद्ध निभावते. इंग्रजी कादंबऱ्यांत उत्तरेचा सैनिक प्रायः वाटेतील धोका असतो. येथे मात्र उत्तरेची एक स्त्री-सैनिक मोंगशिलला मायेने वागवते.